बाई पाणी पितात तेव्हा

१

बाईंच्या वॉर्डात श्वास चोरून मोजायची पद्धत होती.

पेशंटचं मनगट हातात घ्यायचं, नाडी बघत असल्यासारखा चेहरा करायचा, नजर घड्याळावर ठेवायची आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून छातीची वरखाली मोजायची. कारण नाडीला कुणी बघितलेलं कळत नाही, श्वासाला कळतं. आपल्याकडे कुणाचं लक्ष आहे म्हटल्यावर तो एकदम शहाण्यासारखा वागू लागतो, नाहीतर गडबडतो. खरा आकडा मिळत नाही. आणि फुफ्फुसाच्या आजारात खरा आकडा मिळाला नाही, तर सकाळी बरा दिसलेला माणूस संध्याकाळी हातचा जातो.

धाकटा डॉक्टर रुजू झाला, त्या दिवशी बाईंनी त्याला आधी हे शिकवलं. बाई म्हणजे फुफ्फुसांच्या विभागाच्या प्रमुख. ठेंगण्या, रुंद खांद्यांच्या, पायात कापडी बूट. सगळं हॉस्पिटल त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणे. त्यांची एक गोष्ट धाकट्याला फार आवडायची. त्या कधी पळत नसत. कुणाचा जीव घाबरा झाला की सिस्टर धावत, वॉर्डबॉय धावे, धाकटा तर स्वतःच्याच पायात पाय अडकवून घेई. बाई चालत येत, आणि तरी वेळेवर पोचत.

एकदा पायाचं ऑपरेशन झालेला एक माणूस अचानक धापा टाकू लागला. धाकट्याने घाईघाईने छातीला स्टेथोस्कोप लावला, आणि त्याला काहीच सापडेना.

“काय ऐकू येतंय?” बाईंनी विचारलं.

“काही नाही, बाई. छाती साफ आहे.”

“छाती साफ, आणि माणूस बुडतोय. म्हणजे हवा पोचतेय. मग पोचत नाही ते काय?”

धाकट्याने माणसाच्या पोटरीकडे बघितलं. एक पोटरी दुसरीपेक्षा जाड होती. “रक्त,” तो म्हणाला. “पायातली गुठळी वर जाऊन अडकलीय.”

“मग माझ्या तोंडाकडे काय बघतोस? औषध दे.”

तो माणूस वाचला. त्या संध्याकाळी धाकटा घरी गेला तो हवेत तरंगतच.

आठवड्याभराने त्याचे वडीलच त्या वॉर्डात आले. दोन्ही फुफ्फुसांत न्यूमोनिया.

२

बाबा प्लंबर. चाळीसेक वर्षं लोकांच्या मोऱ्यांत हात घातलेला माणूस, आणि तोंडाला विश्रांती नाही. तोंडावर घट्ट मास्क बांधलेला असताना तो बाजूला करून ते बोलत.

“माझी मेन लाइनच चोंदली रे. आणि दुरुस्तीला कोण, तर तू. साधा नळाचा वायसर बदलायला सांगितला होता, तर घरभर पाणी केलं होतंस.”

“बाबा, मास्क लावा.”

“लावतो. तुझ्या मॅडमना सांग, हवेचा दाब जास्त आहे. माझे गाल फुगतात.”

“दाब मी ठरवते, काका,” बाई मागून म्हणाल्या. “तुमच्या कामात मी बोलले का कधी?”

“बोला की. आमच्या घरात सगळेच बोलतात.”

बाई हसल्या. बाबांनी मास्क लावला. पण पलंगाजवळच्या मॉनिटरवर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा हसण्यासारखा नव्हता, आणि तो काय सांगतोय हे धाकट्याला चांगलं कळत होतं. आकडा आणखी उतरला असता तर घशात नळी घालावी लागली असती, आणि बाबांच्या वयाला नळी गेल्यावर ती परत निघेलच याची खात्री कुणी देत नाही.

त्या दुपारी तो श्वास मोजायला निघाला. वॉर्ड जेवून पडला होता. खिडक्यांचे पडदे ओढलेले, ऑक्सिजनच्या बाटल्यांमधलं पाणी बुडबुडत होतं. दाराजवळ मास्तर होते, दम्याचे. आत ओढायला सोपं, बाहेर सोडायला जड, सोडताना लांब शिट्टी. कोपऱ्यात आजी होत्या, हृदय थकल्याने फुफ्फुसात पाणी झालेल्या. त्यांचे श्वास आखूड आणि भरभर. मधे तो गुठळीवाला. शेवटी बाबा.

मास्तरांचे मिनिटाला अठरा भरले. आजींचे अठरा. गुठळीवाल्याचे अठरा.

चला, सगळ्यांचं बरं चाललंय, असं त्याला वाटलं. बाबांचं मनगट हातात घेताना त्याने सहज मान वर केली आणि सगळ्या वॉर्डवर नजर फिरवली.

सगळ्या चादरी एकदम वर झाल्या. एकदम खाली गेल्या.

३

माणसाचं डोकं मोठं सोयीचं असतं. धाकट्याने लगेच स्वतःला समजावलं. एकत्र झोपलेली माणसं, भरलेलं पोट, तोच बुडबुडा सगळ्यांच्या कानावर. जुळत असतील ताल. पाळण्याच्या लयीत मूल नाही का झोपत?

पण तो डॉक्टर होता, आणि हे समजावणं त्याच्याच गळी उतरेना. दमेकऱ्याला हवा सोडायलाच वेळ लागतो. फुफ्फुसात पाणी असलेल्याला तेवढा वेळ थांबताच येत नाही. एकाचा आजार दुसऱ्याच्या लयीत बसूच शकत नाही. आणि तरी शिट्टी न वाजता मास्तरांचा श्वास सुटत होता, आजींचा लांबला होता, आणि दोघांचीही तब्येत सुधारत होती.

बाबांचीही. आकडा रोज थोडा वर सरकत होता.

त्याला रविवार आठवले. रविवारी बाई येत नसत, आणि रविवारी वॉर्ड हमखास बिघडे. सुट्टीच्या दिवशी माणसं कमी असतात म्हणून, असं सगळेच म्हणत.

मग एक दिवस बाई राउंड संपवून दारात उभ्या राहिल्या आणि त्यांनी पाण्याची बाटली तोंडाला लावली. उन्हातून आल्यासारख्या घटाघटा प्यायल्या. धाकटा आत, बाबांच्या पायाशी उभा होता.

वॉर्ड थांबला.

बाटल्यांचं बुडबुडणं चालू होतं. पंखे फिरत होते. पण त्या आवाजांखाली जो आवाज असतो, इतक्या माणसांच्या येण्याजाण्याचा, ज्याकडे वॉर्डात राबणाऱ्या माणसाचं कधी लक्षही जात नाही, तो नव्हता. बाबा छताकडे बघत होते, छाती अर्ध्यावर थांबलेली. चेहऱ्यावर भीती नाही, कष्ट नाही. बस थांबल्यावर प्रवासी जसा खिडकीबाहेर बघत बसतो, तसे.

बाईंनी बाटली खाली घेतली, तोंड पुसलं आणि मोठा श्वास घेतला.

सगळ्यांनी घेतला.

“काय रे, भूत बघितल्यासारखा काय उभा आहेस?” बाईंनी विचारलं.

तेवढ्यात सिस्टर शेजारून काहीतरी पुटपुटली, वॉर्डबॉयच्या मिशांबद्दल, आणि बाईंना हसू फुटलं. त्या पोट धरून हसल्या. आणि पलंगापलंगावर, झोपलेल्या, जागत्या, पेपर वाचणाऱ्या माणसांच्या छात्या हसण्याच्या झटक्यांनी हलू लागल्या. आवाज नव्हता. एकाच्याही चेहऱ्यावर हसू नव्हतं.

४

दोन दिवस तो नीट जेवला नाही. कुणाला सांगणार? सांगितलं असतं तर त्यालाच एक गोळी देऊन घरी पाठवलं असतं, आणि बरोबरच केलं असतं.

तेव्हा त्याने ठरवलं, बाईंचे श्वास मोजायचे. बाहेरच्या घड्याळावर वॉर्डचे मोजायचे आणि लगेच आत जाऊन बाईंचे. जुळले नाहीत तर विषय संपला, आपल्याला झोप हवी आहे.

बाई त्यांच्या खोलीत होत्या. दिव्याच्या चौकटीवर बाबांच्या छातीचा एक्स-रे फोटो लावलेला. धाकटा शेजारी जाऊन उभा राहिला आणि फोटो बघत असल्यासारखा बाईंच्या खांद्याकडे बघू लागला.

“किती आला?” बाई म्हणाल्या.

“काय किती, बाई?”

“माझा. घड्याळाकडे बघतोयस, माझ्या खांद्याकडे बघतोयस. फोटोकडे नाही. मघापासून मी तो उलटा लावलाय, तुला दिसलं नाही.”

खरंच उलटा होता. धाकट्याचे कान तापले. बाई गालात हसत होत्या. पण मोजणारा दिसला की जे सगळ्यांचं होतं, तेच त्यांचंही झालं. श्वास अडखळला, तो सावरायला त्यांनी एक जास्तीचा घेतला.

भिंतीपलीकडे मास्तर खोकले. मग आजी. मग एकदम बरेच जण, आणि कुठल्या तरी मशीनची शिट्टी वाजू लागली.

“बाई,” धाकटा म्हणाला, “या बघायला. आणि रागावू नका.”

त्याने दारात उभं राहून सांगितलं. तुटक सांगितलं, मधेच माफी मागत. सांगता सांगता आपण काय करून बसलो हे त्याच्या लक्षात आलं. आजवर बाईंचं लक्ष नव्हतं म्हणून सगळं सुरळीत होतं.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याला वेड्यातही काढलं नाही. मोठं माणूस कसं असतं ते त्याला त्या वेळी दिसलं. त्या वॉर्डकडे बघत राहिल्या. नवीन लक्षण सांगणाऱ्या पेशंटचं जसं ऐकून घेत, तशाच. मग त्यांनी श्वास आत घेतला आणि धरला.

चादरी वर गेल्या आणि तिथेच राहिल्या.

बाईंनी सोडला. चादरी उतरल्या.

“परत करायचं नाही हे,” बाई म्हणाल्या, जणू त्यानेच केलं होतं. “यांच्यापैकी कुणाला कळलंय?”

“नाही.”

“कळू द्यायचं नाही. यांचाही बिघडेल.” त्यांनी कोटाची बटणं लावली. “बरं. मग आता नीट घ्यायला हवा.”

का, कसं, कधीपासून, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही.

५

आपण ‘श्वास घेतो’ म्हणतो, पण घेत कुठे असतो? तो आपोआप चालतो, आपण आपल्या उद्योगात असतो. बाईंना आता तसं करता येईना. एकदा लक्ष गेलं ते गेलं. बोलताना, लिहिताना, वरिष्ठांशी फोनवर भांडताना त्या एकेक श्वास हाताने वेचावा तसा घेत होत्या. घाईचं बोलणं त्यांनी सोडलं. पाणी चमच्याने पिऊ लागल्या. घरी रंगकाम काढलंय असं सांगून वॉर्डाला लागून असलेल्या खोलीत त्यांनी खाट टाकली.

“रंग कुठला देताय, बाई?” सिस्टरने विचारलं.

“अजून ठरत नाहीये,” बाई म्हणाल्या. “म्हणून तर वेळ लागतोय.”

वॉर्ड असा कधी चालला नव्हता. गुठळीवाला चालत घरी गेला. बाबांचा घट्ट मास्क निघाला आणि नाकाला बारीक नळी लागली. आता त्यांना थांबवणारं कुणी नव्हतं.

“तुझ्या मॅडम आल्या की छाती मोकळी वाटते,” ते म्हणाले. “त्या काही करत नाहीत, नुसत्या उभ्या राहतात. असं माणूस पाहिजे बघ. आमच्या धंद्यातही एक मिस्त्री होता, त्याने नळाकडे बघितलं तरी गळायचं थांबायचं.”

धाकट्याने दुसरीकडे बघितलं. बाईंचे डोळे खोल गेले होते. तो रोज मनात म्हणे, त्यांना सुट्टी घ्यायला लावली पाहिजे. आणि रोज बाबांचा आकडा बघे, आणि गप्प बसे.

मग बाईंना ताप आला.

त्यांनी खोलीत स्टुलावर बसून पाठ त्याच्यापुढे केली. त्याने स्टेथोस्कोप लावला. उजव्या बाजूला, तळाशी, श्वास आत जाताना कानाजवळ केस चोळावेत तसा कुरकुर आवाज.

“उजवीकडे, खाली,” बाई म्हणाल्या. “बरोबर?”

“हो.”

“न्यूमोनिया. औषध सुरू कर. मला वॉर्डात खिडकीकडचा पलंग दे, दुसऱ्या मजल्यावर नेऊ नकोस.”

औषधं सुरू झाली, ऑक्सिजन लागला. पण दुसऱ्या दिवशी दुपारी धाकट्याने बाईंचा आकडा बघितला. इतक्या उतरलेल्या आकड्याला शरीर धापा मागतं. कुणीही भरभर श्वास घेतला असता. बाई संथ घेत होत्या. कपाळावर घाम, मानेच्या शिरा ताणलेल्या, ओठ निळसर, आणि श्वास मात्र संथ, राउंडवर होता तसाच. पलीकडे आजी शांत झोपल्या होत्या. बाबा शेजाऱ्याला टाकी कशी साफ करायची ते सांगत होते.

“बाई, भरभर घ्या. शरीर मागतंय.”

“आजींना झेपेल का?” एवढ्या तीन शब्दांनाही त्यांना थांबावं लागलं. “वडील कसे आहेत?”

धाकट्याने त्यांच्या ऑक्सिजनचा आकडा पुन्हा बघितला.

“नळी घालावी लागेल, बाई. तुम्ही दमलात. मशीन तुमच्यासाठी घेईल.”

“आधी सैल पाडणारं इंजेक्शन देशील. माझा थांबेल.”

“हो.”

“किती वेळ?”

“हात नीट बसला तर थोडाच.”

“मग नीट बसव,” बाई म्हणाल्या, आणि त्याही स्थितीत त्यांच्या आवाजात तोच जुना दरारा होता. “आणि माझ्याकडे बघ. त्यांच्याकडे बघू नकोस.”

६

भूल देणारे डॉक्टर ऑपरेशनमध्ये अडकले होते. थांबायला वेळ नव्हता. धाकट्याने पलंगाभोवती पडदा ओढला आणि सिस्टरला सांगितलं, “वॉर्डातल्या सगळ्यांचा ऑक्सिजन वाढवा.”

“सगळ्यांचा? नळी तर बाईंना घालतोय आपण.”

“वाढवा, सिस्टर.”

सिस्टर वाढवून आली. तिने गुंगीचं इंजेक्शन दिलं, मग स्नायू सैल पाडणारं. बाईंची पापणी मिटली, जबडा सुटला, बोटं उघडली. छाती एकदा खाली गेली ती वर आली नाही.

पडद्यापलीकडे बाबांचं वाक्य अर्ध्यावर तुटलं.

धाकट्याने बघितलं नाही. त्याने बाईंचं डोकं मागे केलं, घसा बघायच्या उपकरणाचं पातं जिभेवर ठेवून उचललं. आत सगळं ओलं आणि गुलाबी, आणि जिथे श्वासनलिकेचं दार दिसायला हवं तिथे फेस. “सक्शन.” सिस्टरने फेस ओढून घेतला. बाईंच्या ऑक्सिजनची टिकटिक खालच्या सुरात जाऊ लागली. मग पलीकडे दुसरी टिकटिक उतरू लागली. मग तिसरी. मग सगळीकडून, एकाच उतारावरून, जिना उतरणाऱ्या पावलांसारखी. त्यातली बाबांची कुठली हे त्याला कळलं, आणि मान वळू पाहत होती. ती त्याने वळू दिली नाही.

मग स्वरतंतूंच्या दोन पांढऱ्या पट्ट्या दिसल्या, आणि मधे काळी फट. त्याने नळी सरकवली.

“गेली,” तो म्हणाला. सिस्टरने नळीला हवेची पिशवी जोडून त्याच्या हातात दिली. त्याने दाबली.

बाईंची छाती वर आली. पडद्यापलीकडे, पार दारापर्यंत, हवा आत ओढल्याचा एक मोठा आवाज झाला, आणि त्यानंतर बाबांचा दमलेला आवाज. “...तर आधी वरचा कॉक बंद करायचा.”

धाकट्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तो दाबत राहिला.

“आता मशीनला जोडते,” सिस्टर म्हणाली. तिने पिशवी काढून मशीनची नळी लावली. मशीनने सुस्कारा टाकला. बाईंची छाती व्यवस्थित वर गेली, व्यवस्थित खाली आली.

पलीकडे काही हललं नाही.

मशीनने दुसरा श्वास दिला. तिसरा. बाईंचा आकडा चढत होता. बाकीची टिकटिक परत जिना उतरू लागली.

धाकट्याने मशीनची नळी ओढून काढली, पिशवी परत लावली आणि दाबली. वॉर्डने श्वास घेतला.

“अहो डॉक्टर, मशीन चांगलं चाललंय की,” सिस्टर म्हणाली. मग तिने पडद्याची कड बाजूला केली. त्याच्या हाताकडे बघितलं, वॉर्डकडे बघितलं, परत हाताकडे बघितलं. पडदा सोडला, पायाने स्टूल पुढे ढकललं आणि म्हणाली, “बसा.”

तो बसला. दाबायचं, सोडायचं. एवढ्या वेळात त्याचा अंगठा दुखू लागला होता. आणि बाईंनी हे इतके दिवस केलं होतं, झोपेत, तापात, फोनवर भांडताना, सिस्टरला रंगाच्या थापा मारताना. पाठीवर एवढी माणसं घेऊन ती बाई कापडी बूट घालून चालत होती, आणि कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. भीतीने हात भरभर चालू लागला. पलीकडे सगळे धापा टाकू लागले, आजी कण्हल्या, आणि त्याला वेग काही आवरेना.

तेव्हा त्याला बाईंचं बोट दिसलं.

त्या इंजेक्शनचा अंमल उतरायला अजून खूप अवकाश होता. त्याखाली माणसाची पापणी हलत नाही, हलूच शकत नाही. हे त्याने स्वतःच्या हाताने किती जणांना देऊन बघितलं होतं. बाईंचा चेहरा मेणासारखा, जबडा सुटलेला. चार बोटं निर्जीव पडलेली. आणि तर्जनी चादरीवरून किंचित उचलली गेली, थांबली, टेकली. परत उचलली, थांबली, टेकली. त्याच्या हातापेक्षा कितीतरी सावकाश.

“सिस्टर,” तो हळूच म्हणाला, “तुम्हाला दिसतंय?”

“मला काही दिसत नाहीये,” सिस्टर म्हणाली. ती त्या बोटाकडेच बघत होती. “तुम्ही त्या सांगतायत तसं करा.”

त्याने हात संथ केला. बोट उचललं की दाबायचं, टेकलं की सोडायचं. पडद्यापलीकडे आजींचं कण्हणं थांबलं, आणि बाबा टाकीची गोष्ट पुढे सांगू लागले.